दुसऱ्या ओळीतल्या बरण्या

नागपूर, महाल
१४ ऑगस्ट १९३८

श्रीधरदादा,

सहा वर्षांनी लिहिते आहे. क्षेमकुशलाच्या ओळी कुठून सुरू कराव्यात ते ठरवता येत नाही, म्हणून त्या सोडून कामाचं लिहिते.

तुझा पत्ता कवडूनं दिला. जंगलातून नानांना मुळ्या आणून देणारा कवडू तुला आठवत असेल. आता तो हिरड्याच्या ठेकेदाराकडे असतो. गेल्या आठवड्यात ओसरीवर बसून म्हणाला, "बालाघाटले खाणीच्या हापिसात पाह्यलं म्या छोट्या मालकाले. पयले त्यानं वळखच देल्ली नाही. मंग चहा पाजला. लय वाळला हाय बाई." नाना आत पडून होते. त्यांना ऐकू गेलं असावं. त्यांनी कूस बदलली.

थोरले अंभोरकर सरकार जूनमध्ये वारले. धाकट्या सरकारांना वाड्यातली औषधकोठी दिवाळीपर्यंत रिकामी हवी आहे. तिथे मोटार ठेवायची आहे. कोठीत चार फळ्यांवर अठरा अठरा अशा बहात्तर बरण्या आहेत, सगळ्या एकसारख्या, आणि घराण्याच्या रिवाजाप्रमाणे एकीवरही नाव नाही. त्यांत विषारी काय आहे ते कळल्याशिवाय काही फेकता येणार नाही. मी बी.एस्सी. झाले आणि दोन वर्षं बायकांच्या दवाखान्यात औषधं बनवते, म्हणून यादी करण्याचं काम सरकारांनी मला सांगितलं.

बरण्यांचा क्रम नानांना पाठ आहे. तो ते मला सांगत नाहीत. "तो पाठ मुलाला देतात, मुलीला नाही," एवढंच म्हणतात. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी जाते, आणि तिच्याबरोबर कोठीचं गुपितही जातं, हे त्यामागचं कारण मला माहीत आहे. नानांखेरीज पाठ येणारा तू एकटाच आहेस. तो लिहून पाठवशील तर माझं दोन महिन्यांचं काम आठ दिवसांत होईल.

नानांची प्रकृती सांगणं भाग आहे. हृदय थकलं आहे, पायांवर सूज आहे. डॉक्टरांनी डिजिटॅलिसचा अर्क दिला आहे, दहा थेंब, दिवसातून दोन वेळा. तो ते फक्त माझ्या हातून घेतात. मी दवाखान्यातून यायला उशीर केला तर यमुआत्यांनी पेला पुढे केला तरी तोंड मिटून घेतात. डॉक्टरांच्या मते हे वयाचं दुखणं आहे. नाना मात्र म्हणतात, "श्रीधर मापात चुकला, त्या दिवसापासून हे सुरू झालं." मी डॉक्टरांशी सहमत आहे. तरीही ते काय म्हणतात ते तुला कळवायला हवं असं वाटलं.

बाकी काही विचारायचं नाही.

लतिका


४ सप्टेंबर १९३८

श्रीधरदादा,

उत्तर आलं नाही. नकार असेल तर तसं कळव, कामाची आखणी करायला बरं पडेल.

काम सुरू केलं आहे. दवाखाना सुटल्यावर पाच ते सात मी कोठीत असते. कुलूप रामाजी उघडतो. तो अजून देवडीवर आहे, मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. पहिल्या दिवशी मी एका बरणीतली पूड काचेच्या पट्टीवर घेतली, भिंगाखाली पाहिली, मग किंचित जिभेला लावून थुंकली. तो दारातून पाहत होता.

"बाई, तुमी चाटून राहिल्या?"

"फार थोडं. हे सुंठ आहे."

"नाना चाटत होते तं त्याहिले दसऱ्याले शेला भेटे. तुमाले काय भेटून राहिलं?"

"अजून काही नाही."

"मंग काहून चाटता? मरसान तं सरकार मले इचारतील, कोठीत मोटार ठेवाची का बाईचा मुडदा."

मी हसले नाही, पण नंतर घरी आत्यांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की नानांनी आतून विचारलं काय झालं. त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "रामाजीला म्हणावं, एकतीस वर्षं मी चाटलं, शेले अकराच मिळाले."

मग ते बराच वेळ बोलले. इतकं ते वर्षभरात बोलले नव्हते. मूळपुरुष दादाजीपंतांची गोष्ट तू माझ्याआधी ऐकली असशील, तरी त्यांनी सांगितली तशी लिहून ठेवते. अंभोरकरांकडे दादाजीपंत औषधी, म्हणजे दरबारचे औषध बनवणारे, म्हणून लागले तेव्हा बरण्यांवर चिठ्ठ्या होत्या. भाऊबंदकीत कोणीतरी दोन चिठ्ठ्या अदलाबदल केल्या आणि सरकारांची एक दासी मेली. त्या दिवशी दादाजीपंतांनी सगळ्या चिठ्ठ्या जाळल्या आणि बरण्यांची जागा हेच त्यांचं नाव ठरवलं. जागेचा पाठ केला, तो फक्त मुलाला दिला. वर सरकारांना शब्द दिला की माझ्या हातचं औषध आधी माझ्या पोटात जाईल. तेव्हापासून पहिली पुडी औषधी घेतो, सगळे एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं, गप्प बसतात, आणि मग दुसरी पुडी सरकारांपुढे जाते. नाना म्हणाले, "एकतीस वर्षांत त्या चोवीस मिनिटांत मला कधी भीती वाटली नाही. तुला काय सांगू, तेवढाच वेळ दरबारात माझ्याकडे सगळे पाहत."

कोठीत मला पितळेची डबी सापडली. तिच्यात अकरा पुड्या आहेत. त्या ४ नोव्हेंबर १९३२ च्या आहेत. बारावी नानांनी घेतली होती.

त्या दिवशी मी दरबारात नव्हते. मला सांगितलं गेलं ते असं: थोरल्या सरकारांना ताप होता, बचनागाचं औषध तू बनवलंस. पंधराव्या मिनिटाला नानांच्या जिभेला मुंग्या आल्या, विसाव्या मिनिटाला हातपाय थंड पडले. सरकार वाचले, कारण त्यांच्यापर्यंत पुडी गेलीच नाही. नाना तीन दिवसांनी वाचले. सगळ्यांनी तुला विचारलं आणि तू म्हणालास, "माप माझ्या हातचं होतं." कोठीला कुलूप लागलं. महिन्याच्या आत तू गेलास.

यात काही चुकत असेल तर दुरुस्त कर.

पहिल्या फळीच्या अठराही बरण्या ओळखल्या. उद्यापासून दुसरी.

लतिका


२५ सप्टेंबर १९३८

श्रीधरदादा,

हे पत्र बसून, सावकाश वाच.

तुझं माप बरोबर होतं.

हे मी कसं ठरवलं ते सांगते, म्हणजे तुला माझ्या शब्दावर विसंबावं लागणार नाही. कच्चा बचनाग विष आहे. तो गोमूत्रात तीन दिवस ठेवून, रोज गोमूत्र बदलून, वाळवला की औषधाच्या कामाचा होतो. कोठीत दोन्ही असतात, दोन्हींची पूड तपकिरीच. कच्च्याची पूड पाण्यात पायरीपायरीनं पातळ करत गेलं तरी बऱ्याच पुढच्या पायरीपर्यंत जिभेला मुंग्या आणते. शुद्ध केलेल्याच्या मुंग्या त्या मानानं कितीतरी लवकर थांबतात.

डबीतल्या पुड्यांमधला बचनाग कच्चा आहे.

मग मी घराण्याच्या कृतीप्रमाणे, बारा पुड्यांना आठ गुंजा या मापानं, कच्च्या बचनागाचं तेच औषध स्वतः बनवलं. तुझी एक पुडी आणि माझी एक पुडी सारख्याच पाण्यात पातळ करत गेले. कोणता पेला कोणाचा ते मला कळू नये म्हणून यमुआत्यांना द्यायला लावलं.

"विष पाजाले मीच भेटली काय वं तुला?" आत्या म्हणाल्या.

"प्यायचं नाही आत्या, जिभेला लावून थुंकायचं आहे."

"तुझ्या वयाच्या पोरी नवऱ्याला चहा देऊन राहिल्या. ही पाहा, परसात बसून थू थू करते."

सहा वेळा केलं. दोन्हींच्या मुंग्या एकाच पायरीवर थांबतात. याचा अर्थ तू आठच गुंजा घातल्या होत्यास, कमी नाही, जास्त नाही. मापात चूक नव्हती. चुकीची होती ती बरणी.

आता बरणीचं. पहिल्या पत्रात मी तुझ्याकडे पाठ मागितला. तो मला येतो. लहानपणी नाना तुझ्याकडून म्हणवून घेत तेव्हा मी दाराआड बसून ऐकला आहे. मागितला तो तुझं काहीतरी उत्तर यावं म्हणून.

पाठाप्रमाणे दुसऱ्या ओळीत चौथी बरणी शुद्ध बचनागाची आणि पंधरावी कच्च्याची. बहात्तर बरण्या तपासून झाल्यावर मी आकृती काढली. पहिली आणि तिसरी ओळ डावीकडून उजवीकडे पाठाप्रमाणे लागते. चौथी उजवीकडून डावीकडे लागते. दुसरीही तशीच असायला हवी. ती नाही. ती डावीकडून उजवीकडे लागली आहे. अठरांची ओळ उलटी केली की चौथीच्या जागी बरोबर पंधरावी येते.

त्या वर्षीच्या धनत्रयोदशीला बरण्या धुऊन, पुजून परत लावायच्या होत्या. नाना सरकारांबरोबर गावाला गेले होते. तू एकटा होतास आणि मी मदत करू का म्हणून मागे लागले. तू पहिली ओळ लावलीस. मग रामाजी बोलवायला आला म्हणून देवडीवर गेलास. परत आलास तेव्हा दुसरी ओळ लागलेली होती. तू विचारलंस, "नीट लावली ना?" मी म्हटलं, "पाठ येतो मला." तू हसलास आणि तिसरी लावायला घेतलीस.

पाठ मला येत होता, पण तो म्हणताना औषधी चालतो, हे मला माहीत नव्हतं. एक ओळ म्हणत तो डावीकडून उजवीकडे जातो, भिंतीशी वळतो आणि दुसरी ओळ म्हणत परत येतो. दाराआडून शब्द ऐकू येतात. पावलं कोणत्या बाजूला पडतात ते दिसत नाही.

हे मला २१ सप्टेंबरला, आकृती पुरी झाल्यावर समजलं.

नानांना अजून सांगितलेलं नाही. कारण असं आहे: ते औषध फक्त माझ्या हातून घेतात. माझ्या हातावरचा त्यांचा विश्वास गेला तर ते डिजिटॅलिस घेणार नाहीत, आणि ते न घेता त्यांची सूज किती दिवसांत छातीपर्यंत येईल याचा अंदाज मला आहे. पण सांगितलं नाही तर ते जातील तेव्हा तू मापात चुकलास असंच धरून जातील.

काय करू ते तू सांगावंस असं मी म्हणत नाही.

लतिका


९ ऑक्टोबर १९३८

श्रीधरदादा,

गुरुवारी नानांना सांगितलं.

सकाळचे थेंब देऊन झाल्यावर सांगायचं ठरवलं होतं, म्हणजे निदान तेवढी एक वेळ पोटात जाईल. पण मी पेल्यात थेंब मोजत असताना ते म्हणाले, "डॉक्टरांचं हे औषध कोणत्या बरणीतलं, मला माहीत नाही. पण तुझा हात माहीत आहे." त्यानंतर पेला पुढे करता येईना. मी तो बाजूला ठेवला आणि सगळं सांगितलं. आकडे दाखवले. आकृती दाखवली.

आकृतीकडे त्यांनी पाहिलंही नाही. "दुसरी ओळ म्हण," म्हणाले.

मी म्हटली. अठराही नावं.

"चालून म्हण."

त्या धनत्रयोदशीला लावली तशीच मी ती खिडकीपासून दारापर्यंत, डावीकडून उजवीकडे, चालत म्हटली. त्यांनी डोळे मिटले.

"कोणी शिकवला?"

"दाराआडून ऐकला."

"किती वर्षांची होतीस?"

"सुरुवात केली तेव्हा आठ."

"श्रीधरला बारा वर्षं लागली पाठ करायला. रडत म्हणायचा." मग म्हणाले, "ओळ उलटी लागली, ते कोणाच्याही हातून होतं. मी तुला पाठ दिला असता तर चालही दिली असती. ती चूक तुझ्या एकटीची नाही."

मला वाटलं, संपलं. मी पेल्याला हात लावला.

"कधी कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

इथे मला तुला लिहिलेली एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. मागच्या पत्रात मी २१ सप्टेंबर ही तारीख लिहिली. ती खोटी आहे. जे आकडे पाठवले ते सगळे खरे आहेत. तेवढी एक तारीख खोटी आहे.

४ नोव्हेंबर १९३२ ला दुपारी नानांना टांग्यातून घरी आणलं. ते ग्लानीत होते. तू डॉक्टरांना आणायला धावला होतास, आत्या पाणी तापवत होत्या. खोलीत मी एकटी. नाना पुटपुटत होते आणि ते काय पुटपुटतात ते मला कळत होतं: ते पाठ म्हणत होते. त्यांचा हात चादरीवर होता आणि बोटं चालत होती. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे. ओळ संपली, बोटं थांबली, वळली, आणि दुसरी ओळ उजवीकडून डावीकडे परत आली.

मला त्याच क्षणी सगळं समजलं. मी त्यांचा हात धरून दाबून ठेवला. धीर द्यायला नाही. तू आलास तर ती बोटं पाहून तुला दुसरी ओळ कोणी लावली ते आठवू नये म्हणून.

तू डॉक्टरांना घेऊन आलास. दारातच आत्यांना म्हणालास, "माप माझ्या हातचं होतं." मी ते ऐकलं. मी सतरा वर्षांची होते. कॉलेजात नाव घातलं होतं आणि नानांनी ते कसंबसं मान्य केलं होतं. कोठीच्या बरणीला मी हात लावला हे कळलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं. तेव्हा मी हा विचार केला होता, नंतर सुचलेलं कारण नाही हे. पुढे मला वाटत राहिलं की तूही ओळखलं असशील, मला वाचवायला गप्प असशील. तसं मानणं माझ्या सोयीचं होतं. ते खरं आहे की नाही हे मी कधी तपासलं नाही, आणि तपासणं हेच माझं काम आहे.

नानांनी पुन्हा विचारलं, "कधी कळलं?"

मी म्हटलं, "त्याच दुपारी."

बाहेर आत्या भाजीवालीशी घासाघीस करत होत्या, तो आवाज तेवढा येत होता. मग ते म्हणाले, "सहा वर्षं आल्यागेल्याला मी सांगून राहिलो, माझा पोरगा मापात चुकला. तू इथेच बसून ऐकत होतीस. पाणी आणून देत होतीस लोकांना."

"हो."

"काहून?"

कॉलेजचं कारण पहिल्या वर्षाचं होतं. नंतरच्या पाच वर्षांना कारण नाही.

"ठेव तो पेला," ते म्हणाले. "तुझ्या हातचं नको."

गुरुवारपासून त्यांनी एकही थेंब घेतलेला नाही. आत्यांच्या हातून नाही, डॉक्टरांच्या हातून नाही. डॉक्टर रागावले तेव्हा त्यांना म्हणाले, "औषध देणारा यायचा आहे." आत्यांनी विचारलं, "कोण येतो भाऊ? बारा गावांत कोणी राहिलं नाही तुझं ऐकणारं." ते म्हणाले, "श्रीधर." सहा वर्षांत हे नाव मापाच्या चुकीशिवाय त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

आज सूज गुडघ्याच्या वर आहे. काल नव्हती. बसल्याशिवाय श्वास पुरत नाही.

माझ्याबद्दल तुला जे वाटेल ते वाटू दे. त्याचं उत्तर नंतर केव्हाही दे, नाही दिलंस तरी चालेल. पण ये.

लतिका


१३ ऑक्टोबर १९३८, गुरुवार

दादा,

तुझं कार्ड आज मिळालं. ते मी एकदाच वाचलं, पण शब्द लक्षात राहिले: "आठ गुंजा. मी आठच घातल्या होत्या की नाही, हे मला सहा वर्षं खात्रीनं सांगता येत नव्हतं. झोपेत मोजत होतो. शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो. तू समोर असू नकोस."

म्हणजे ओळीचं तुला माहीत नव्हतं.

मी समोर नसेन. उद्यापासून दवाखान्यातल्या नर्सांच्या खोल्यांमध्ये राहायला जाते. मेट्रनबाईंना विचारलं आहे. हे पत्र आत्यांकडे ठेवते, त्या तुला देतील.

आता नानांचं. नीट वाच.

बाटली देवघराच्या कोनाड्यात आहे. ती आत्यांनी बाजारातून नवी आणली आहे, आधीच्या बाटलीला माझा हात लागला होता म्हणून. बूच फोडलेलं नाही. थेंब मोजायची नळी शेजारी आहे, तीही नवी. दहा थेंब, अर्धा पेला पाणी, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा. देण्याआधी नाडी पूर्ण एक मिनिट मोज. साठाच्या खाली असेल तर देऊ नकोस, डॉक्टरांना बोलाव. मळमळ किंवा डोळ्यांपुढे पिवळं दिसतं असं म्हणाले तरी थांब. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी वीस द्यायचे नाहीत. बुडालेल्या आठवड्याची भरपाई थेंब वाढवून होत नाही.

तू सहा वर्षं मापाला हात लावला नाहीस असं कवडू म्हणाला होता. खाणीच्या दुकानात साखर तोलायचं काम आलं तेव्हाही नाही म्हणालास. ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. आता लिहिते, कारण शनिवारी नळी हातात घेताना तुला वाटेल की तुझा हात भरवशाचा नाही. तो आहे. सहा वेळा तपासलं आहे.

त्यांना रात्री तीन उशा लागतात. आत्या दोनच ठेवतात.

धाकट्या सरकारांना मी यादीबरोबर एक कागद दिला आहे. त्यात ४ नोव्हेंबरला काय झालं ते आहे, ओळ कोणी लावली ते नावानिशी आहे, आणि गप्प कोण राहिलं तेही आहे. त्यांनी तो दिवाणखान्यात चारचौघांत वाचला. रामाजी तिथे उभा होता. बाहेर पडताना त्यानं मला दार उघडून दिलं नाही. मी ते स्वतः उघडलं. महालात आता सगळ्यांना माहीत आहे. तुला रस्त्यात कोणी थांबवलं तर ते मापाबद्दल बोलणार नाहीत.

माझ्याकडे सांगायचं होतं तेवढं संपलं. क्षमा मागायचं वाक्य मी तीनदा लिहिलं आणि खोडलं. ते वाक्य लिहिल्यावर तुझ्यावर उत्तराची जबाबदारी येते, आणि तुझ्यावर आणखी काही टाकायचं नाही.

लतिका


१५ ऑक्टोबर, शनिवार

दादा,

हे पत्र तुझ्या हाती लगेच पडायची गरज नाही.

सव्वाअकराला आत्या स्वतः चालत दवाखान्यात आल्या. या वयात, उन्हात, पायांत वहाणा नव्हत्या. मला वाटलं, नाना गेले. मी खिडकीतूनच विचारलं, "नाडी?"

"नाडी गेली खड्ड्यात," आत्या म्हणाल्या. "घेतलं त्यानं. पेला पुढे करताना श्रीधरनं अर्धं पाणी सांडलं चादरीवर. तर हा म्हणतो, 'सावकाश रे, मला कुठे जायचं आहे.' दोघंही रडून राहिले, आणि मी काय करू तिथं? आली इकडे."

"थेंब दहाच मोजले ना?"

"दोनदा मोजले. एक पेला फेकून दुसरा केला. तुझाच भाऊ आहे तो."

त्या पाणी पिऊन गेल्या. मी परत टेबलाशी आले. एका बाईचं खोकल्याचं औषध करायचं होतं, ते केलं. मग बाटलीला नावाची चिठ्ठी लावली आणि ती दोनदा वाचली. मेट्रनबाई आल्या, माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "घरी कोणी आजारी आहे का?"

मी म्हटलं, "वडील. पण माझा भाऊ आहे त्यांच्याजवळ."

लतिका